दोन बोटं वर

शनिवारी दवाखाना दोनला बंद होतो.
तीनला मी मुलुंडला, आमच्या पार्किंगमध्ये,
वॅगन-आर आणि पाण्याच्या पंपाच्या मधे,
सायकल पाइपाला दोरीनं टांगलेली
आणि मी तिच्यासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर,
आठवडाभर लोकांच्या तोंडासमोर बसते तशी.

साखळी डिझेलमध्ये भिजत घातलीय, साबुदाण्यासारखी.
मागच्या चक्रांचे दात
दवाखान्यातून बाद झालेल्या स्केलरनं खरवडते.
दोन दातांमधली घाण सगळीकडे एकच:
काळी, चिवट,
आणि मालकाला पत्ता नसलेली.

वॉचमन विचारतो, "ताई, बक्षीस काय?"
"टॉवेल. आणि एक केळं."
तो पंपाचं बटण दाबतो.

चौकट जुनी, पोलादी,
ओर्लेमच्या ऑब्रे कुटिन्होची.
लेकीकडे कॅनडाला जाताना म्हणाला होता,
हिला चढावर शिव्या देऊ नकोस, तिला कळतात.
आज सीटची नळी उपसली तर
तिच्यावर ब्लेडनं मारलेला एक बारीक ओरखडा:
त्याच्या पायाची उंची.
माझी खूण पांढऱ्या चिकटपट्टीची,
त्याच्या खुणेच्या वर दोन बोटं.
नळीचा हिशोब उलटा असतो,
ज्याचा पाय लांब त्याची खूण खाली.
म्हणजे मी चालवते तेव्हा
ऑब्रे आत असतो, चौकटीच्या अंधारात.

नळी पुसली. ग्रीस लावलं, सढळ हातानं.
बोल्ट आवळायला घेतला
आणि आईचा फोन आला.
उद्या थालीपीठ लावू का, किती वाजता येशील,
आणि हे असलं या वयात.
मग चाक राहिलं होतं.
एकेक तार बोटानं छेडत
बद्द वाजणारी शोधायची, पाव आटा, पुन्हा छेडायची.
ब्रेकच्या रबरापासून रिम
पोस्टकार्डाच्या जाडीवर आली तेव्हा नऊ वाजले होते.

पहाटे साडेपाच, बीकेसी.
काचेच्या इमारतींत रात्रपाळीचे दिवे,
रस्ता आमचा साडेसातपर्यंत.
बायका आम्ही चार, एकीला ताप,
म्हणून उरलेल्या तिघींना
पन्नाशीपुढच्या पुरुषांत टाकलं.
यास्मिन कडवेकर म्हणाली, "लग्नातल्यासारखं. उरलेले सगळे एका पंगतीला."

नऊ फेऱ्या.
मिठीच्या वळणावर नाक बंद करावंसं वाटतं
आणि नेमका तिथंच श्वास हवा असतो.
पहिल्या चार फेऱ्या मी ठोसरांच्या मागच्या चाकाला
वीतभर अंतर ठेवून.
ठोसर एकसष्ट वर्षांचे, पोटऱ्या पंचविशीच्या.
चाक माझं गप्प होतं, साखळी गप्प,
अख्ख्या घोळक्यात सगळ्यांत कमी आवाज माझा.
मला उगाच हसू येत होतं.

पाचव्या फेरीत गुडघे जवळ आले.
वाटलं, वय. वाटलं, रात्रीची झोप.
सहावीत ते छातीशी यायला लागले,
लहान मुलाची सायकल घेतल्यासारखे.
सातवीत ठोसर मागं वळून म्हणाले,
"अगं, तू लहान होत चाललीयस!"
तेव्हा कळलं.
बोल्ट. फोन. थालीपीठ.

किल्ली पाठीच्या खिशात होती.
थांबले असते तर एक मिनिट.
पण ते चाक सुटलं असतं, पुढचं,
वीतभरावरचं.
नाही थांबले.
ते तसंही सुटलंच, आठवीत.

शेवटून दुसरी आले.
शेवटच्याचा टायर फुटला होता.
टॉवेल सगळ्यांनाच होता.

सोमवारी डॉक्टर पेशंटला सांगत होते,
थोडं दाबल्यासारखं वाटेल, दुखणार नाही.
मी एका पायावर उभी राहून
सक्शन धरलं होतं.

रात्री पुन्हा पार्किंग.
चिकटपट्टी चौकटीच्या आत गेलेली,
ग्रीसमध्ये तिचा लगदा.
सगळं पुसलं, कोरडं होईतो.
फूटपट्टी लावली.
आणि या वेळी ब्लेड घेतलं,
ऑब्रेच्या वर दोन बोटं.
पोलादावर ओरखडा पडताना
दातावर पडतो तसाच आवाज येतो.

मग बोल्ट.
फोन वाजत होता.
वाजू दिला.